काजव्यांना उजेड दाखवा

मे संपत आला की भंडारदऱ्याला जायलाच हवं. काजवे वाट बघत असतात. पथ्य एकच: सगळ्यांनी एकाच शनिवारी, एकाच वेळी निघायचं. घोटीपासून शेंडीपर्यंत गाडीला गाडी चिकटलेली नसेल तर सुट्टीला आल्यासारखं वाटत नाही.

गाडी जमेल तेवढी मोठी घ्या, माणसं चारच असली तरी. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता अरुंद आहे. दोन धटिंगण गाड्या समोरासमोर आल्या की मागे कोण जाणार यावर अर्धा तास सहज रंगतो. आपण जायचं नाही. मागे जायला एसटी असते.

मेअखेरीस पाणी खाली गेलेलं असतं, काठची माती उघडी पडते. गाडी तिथे उतरवा. रुतली की गावकरी ढकलायला येतातच, त्यांना दुसरं काम काय!

समोर दिसतं ते कळसूबाईचं शिखर. १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच. सेल्फीत मात्र ते आपल्या कानामागे बसवायचं.

अंब्रेला फॉल कोरडा दिसला तर 'पैसे वाया गेले' असं आजूबाजूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. तो धरणातून पाणी सोडल्यावरच पडतो, हे माहीत असायला आपण काय पाटबंधारे खात्यात आहोत?

चिप्सची पाकिटं तिथेच सोडा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते, पाकिटांनाही अभय.

स्पीकर न्याच. रातकिड्यांना ताल नसतो.

आता मुख्य विषय. काजवे अंधारात दिसतात, असा एक गैरसमज त्या गावांमध्ये पसरलेला आहे. त्याला बळी पडू नका. झाडाजवळ पोचलात की हेडलाइट चालूच ठेवा, वर अपर मारा. गेल्या शनिवारी आमच्या पुढच्या पांढऱ्या गाडीने हे फार छान जमवलं. हिरड्याचं झाड होतं. खालच्या फांदीवरून उजेड सुरू व्हायचा, सरसरत शेंड्यापर्यंत जायचा, मग क्षणभर मिट्ट काळोख, की परत खालून सुरुवात. आम्ही वीसेक माणसं श्वास धरून उभी होतो. तेवढ्यात झोत पडला आणि झाड नुसतं झाड झालं. हिरवी पानं, करडं खोड आणि खोडाला तारेने बांधलेली पाटी, 'गाडीचे दिवे बंद ठेवा'. त्या उजेडात ती अगदी स्वच्छ वाचता येत होती.

आमच्याबरोबरच्या वाटाड्या पोराने काचेवर टकटक केली. "साहेब, लाइट बंद करा ना." काच चार बोटं खाली आली. आतून एसीचा गारवा आणि गाण्याचा धबडगा एकदमच बाहेर आला. "पावती फाडलीय," साहेब म्हणाले, "फुकट नाही आलो. आणि दिसत तर काहीच नाहीये इथे!"

दिसणार कसं? नर उडता उडता लुकलुकतो, मादी खाली कुठेतरी बसून त्याला उत्तर देते. त्यांचा सगळा संसार ह्या खाणाखुणांवर. आयुष्याचा बहुतेक काळ हा जीव अळी होऊन पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. पंख फुटल्यावर हाती राहतात थोडे दिवस, तेही पाऊस जोर धरेपर्यंतच. त्या थोडक्या दिवसांतल्या रात्रीही तुम्ही हॅलोजन लावून... हां, सल्ला राहिलाच. टॉर्चसुद्धा न्या. आणि रस्ता सोडून गवतात शिरा, माद्या पायाखाली आल्या तर कळणारही नाही.

मुलांना काजवे बाटलीत भरून द्या. त्याच गाडीतल्या छोकरीकडे पाण्याच्या बाटलीत पाच-सहा होते. "बाबा, हे बंद का पडले?" "बॅटरी संपली असेल." झाकण घट्ट लावलेलं होतं.

आता पुरे. चौदा-पंधरा वर्षांचं पोर रात्री दहा वाजता तुमच्यापुढे हात जोडतंय आणि तुम्ही त्याला पावती दाखवता? पावती आत यायची आहे, झाडाची नाही. ह्या दोन-तीन आठवड्यांत गावातल्या चार घरांना पिठलं-भाकरीचे पैसे मिळतात, म्हणून तो गप्प बसला. मी कशासाठी गप्प बसलो कोण जाणे. भांडण नको म्हणून असेल. तर ते भांडण आता करतोय. दिवा बंद करायला काय लागतं हो? एक दांडी फिरवायची, बोटाने. मोबाइलवर काजवे येणार नाहीतच, काळाकुट्ट व्हिडिओ येईल, आणि तो बघायला तुमचे साडूसुद्धा तयार होणार नाहीत. गाडी लांब लावा, पायी चाला, तोंड मिटा, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. एवढंही जमत नसेल तर येऊ नका. घरी गॅलरीत दिवाळीची माळ लावून बसा. हवी तर ती बाटलीत भरा.