हात घट्ट धरून चालले की पडण्याचे भय संपते का?

‘म्हातारपण पायांपासून सुरू होते’ या वाक्याने उघडणारा संदेश घरोघरीच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून गेली काही वर्षे फिरतो आहे. शरीरातील निम्मी हाडे पायांत असतात, म्हणून रोज चाला म्हणजे पडणार नाही, हा त्याचा गाभा. आमच्या गटात तो आला तेव्हा त्याला एक पुस्तीही जोडलेली होती: ‘एकटे चालू नका, जोडीदाराचा किंवा मुलाचा हात घट्ट धरा, गप्पा मारत चाला, मग पडण्याची भीती नाही.’ सल्ला मायेचा आहे, आणि त्यातले जोडीने चालण्याचे कलम खरोखरच कामाचे आहे. पण ते ज्या कारणाने कामाचे आहे ते कारण संदेशात नाही, आणि जी कारणे दिली आहेत ती टिकत नाहीत.

हाडांचा हिशेब आधी उरकून टाकू. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी मांडीपासून बोटांपर्यंत एका पायात ३०, म्हणजे दोन्ही पायांत ६० भरतात. दंडापासून बोटांपर्यंत एका हातातही ३०च असतात, तरी म्हातारपण हातांपासून सुरू होते असा संदेश अजून कोणी पाठवलेला नाही.

आता मुख्य दावा: रोज चालणारा माणूस पडत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०१९ मध्ये, पडणे टाळण्यासाठीच्या व्यायामाच्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ सहभागी होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटते, आणि तोल साधण्याच्या व्यायामांना स्नायूंच्या ताकदीच्या व्यायामांची जोड दिली तर सुमारे ३४ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणे कमी होते की नाही, हे मात्र त्या आढाव्यातून ठरवता आले नाही. त्याहून सावध करणारी चाचणी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली होती. आदल्या दोन वर्षांत हाताचे हाड मोडलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना तीत भरभर चालण्याचा व्यायाम देण्यात आला, आणि चालणाऱ्या गटातील स्त्रियाच अधिक वेळा पडल्या. चालणे हृदयाला, रक्तातील साखरेला आणि मनाला चांगले आहे याबद्दल वाद नाही; परंतु तोलाची परीक्षा ते फारशी घेत नाही.

माणसे पडतात कशी, हे पाहिले की याचा उलगडा होतो. कॅनडातील वृद्धांच्या निवासगृहांत बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या, १३० जणांच्या २२७ पडण्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अडखळून पडण्याचे प्रमाण त्यात २१ टक्के होते, तर शरीराचा भार चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या दिशेने सरकल्याने तोल जाण्याचे प्रमाण ४१ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. वळताना, खुर्चीवर टेकताना, काही घेण्यासाठी हात लांबवताना भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. बागेतल्या सरळ, सपाट पट्टीवर रोज चाळीस मिनिटे चालणाऱ्याला या गोष्टीचा सराव फारसा होत नाही.

‘हात घट्ट धरा’ हे कलम मला सर्वांत जास्त खटकते, कारण इथे हेतू आणि परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जातात. दंडाला पकडून चालवले की ज्येष्ठाचा तो हात अडकतो आणि तोल सावरण्यासाठी झटकन बाहेर काढता येत नाही. शिवाय तोल सांभाळण्याचे काम धरणारा करू लागतो आणि ज्येष्ठाचे पाय ते सोडून देतात. तोलाला बळाइतकीच स्पर्शातून मिळणारी माहितीही उपयोगी पडते, हे १९९४ मध्येच प्रयोगांतून दिसले आहे: स्थिर पृष्ठभागाला बोटाचे टोक एका न्यूटनहूनही कमी जोराने, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅमच्या भाराने टेकवले तरी उभ्या माणसाचे डोलणे जोरात रेलण्याइतकेच आटोक्यात येते. चालणाऱ्या जोडीदाराचा हात भिंतीसारखा स्थिर नसतो हे खरे, पण त्यातून दिशा आणि लय कळते. जोडीने नाचण्यात मुरलेल्या लोकांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पुढचे पाऊल कसे टाकायचे हे समोरच्याला कळवायला हातांतला १० ते ३० न्यूटनांचा, म्हणजे साधारण एक ते तीन किलोंचा जोर पुरत होता.

म्हणून धरण्याची पद्धत बदलावी. साथीदाराने कोपर वाकवून तळवा वर करावा, ज्येष्ठाने त्यावर आपला तळवा नुसता टेकवावा आणि बोटे कोणीच मिटू नयेत. चार-सहा दिवसांत साथीदाराला तळव्यावरून कळू लागते की वळणावर भार वाढतो, उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकपाशी वाढतो, आणि सरळ वाटेवर तो जवळजवळ नसतो. मग याच स्पर्शाच्या आधाराने बाजूला पावले टाकणे, मागे चालणे, टाचेला चवडा लावून चालणे आणि जागच्या जागी सावकाश वळणे, असे एकट्याने करायला भीती वाटणारे प्रकार करता येतात. घरात हेच स्वयंपाकाच्या ओट्याला एक हात लावून होते. जी व्यक्ती आधीच पडलेली आहे किंवा आधाराशिवाय उभी राहू शकत नाही, तिच्यासाठी मात्र ही पद्धत नाही. तिथे फिजिओथेरपिस्टचा सल्ला आधी घ्यावा.

जोडीदार असला की तोल अधिक सुधारतो, असेही कोणी म्हणू नये. कंपवाताच्या रुग्णांना टँगो नृत्य शिकवण्याचा एक अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोडीने नाचणारे आणि एकेकटे नाचणारे अशा दोन्ही गटांचा तोल सुधारला. फरक पडला तो गोडीत, कारण जोडीने नाचणाऱ्यांना अधिक मजा आली आणि पुढेही चालू ठेवावेसे अधिक वाटले. व्यायाम महिनोन्महिने टिकण्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. अर्थात त्यासाठी सोबत खरी हवी. आपल्याकडे जोडीने फिरणे म्हणजे पुष्कळदा आजोबा चार पावले पुढे आणि आजी पिशवी घेऊन मागे, असेच असते.

राहिले गप्पांचे. स्वीडनमधील वृद्धांच्या निवासगृहातील ५८ जणांशी चालता चालता बोलणे काढले, तेव्हा १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले, आणि त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात आहे. थांबणे हे त्यांच्या पडण्याचे कारण नव्हते. चालणे हेच त्यांचे सगळे लक्ष खाऊन टाकत होते, म्हणून बोलण्यासाठी थांबावे लागले. तेव्हा सपाट वाटेवर खुशाल बोलावे, पण वळणावर, पायरीवर आणि रस्ता ओलांडताना गप्प राहावे. आणि ‘आज भाजी कोणती घ्यायची?’ एवढ्याशा प्रश्नावर आई दरवेळी पाऊल थांबवूनच उत्तर देऊ लागली असेल, तर तिच्या पुढच्या तपासणीच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.