तो 0.1 टक्क्यावाला फॉरवर्ड

दिवाळीपासून बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आधी दांडियाबाजारच्या मंडळाच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि काल तर मावसभावाने पुण्याहून तोच परत मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: रिटायरमेंट प्लॅनिंग हे अमेरिकेचं खूळ आहे, आपली मुलं हेच आपलं पेन्शन, स्वतःचं घर असलं की म्हातारपणाची काळजी नाही, घरच्या बाईच्या डोक्याला पैशाचा ताप देऊ नका, मेडिक्लेम म्हणजे निव्वळ लूट, आणि आता तर संशोधनानेच सिद्ध झालंय की आर्थिक शिक्षणाने फक्त 0.1 टक्का फरक पडतो. खाली हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तेवढ्या एकात थोडं तथ्य आहे आणि लोक फसतात ते त्यालाच.

0.1 टक्का हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. 2014 साली मॅनेजमेंट सायन्स या नियतकालिकात फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी आधीचे 201 अभ्यास एकत्र करून हा हिशोब मांडला होता. पण त्याचा अर्थ काय? माणसामाणसाच्या पैशाच्या वागण्यात फरक असतो, एक बचत करतो, दुसरा क्रेडिट कार्डावर जगतो, आणि त्यामागे पगार असतो, वय, स्वभाव, घरची परिस्थिती, नशीब, काय काय असतं, तर या सगळ्या फरकातला किती हिस्सा 'याने क्लास केला होता का नव्हता' एवढ्यावरून सांगता येतो, त्याचं उत्तर 0.1 टक्का. बचत 0.1 टक्क्याने वाढली असा त्याचा अर्थ होत नाही. आकडा तरीही लहानच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच पेपरमध्ये पुढे काय आहे ते फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलंय, की शिकवलेलं विरत जातं, अगदी भरपूर तास शिकवलं तरी वीसेक महिन्यांनी जवळपास काही उरत नाही, म्हणून निर्णय घ्यायच्या वेळेलाच त्या निर्णयापुरतं शिकवा. हे तर आपल्याला पटायलाच हवं ना, दहावीत घोकलेलं चक्रवाढ व्याज अठ्ठावन्नाव्या वर्षी पीएफची रक्कम खात्यात पडते तेव्हा कुणाला आठवतंय.

आणि गोष्ट 2014 ला थांबलेली नाही. नंतर कैसर, लुसार्डी, मेन्कहोफ आणि अर्बन यांनी फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले 76 प्रयोग घेतले, मिळून 1 लाख 60 हजारांवर माणसं, हा पेपर 2022 मध्ये छापून आला, आणि त्यात शिक्षणाचा परिणाम ज्ञानावरही दिसला, वागण्यावरही. फार मोठा नाही, पण इतर विषयांच्या शिक्षणाचा होतो तेवढा.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो अहमदाबादचा प्रयोग, आपल्यापासून एक्स्प्रेसवेने दीड-दोन तासांवर. तिथे लोकांना व्हिडिओवर आर्थिक शिक्षण दिलं. नुसत्या व्हिडिओने वागणं फारसं हललं नाही, पण त्यातल्या काहींना सोबत स्वतःचं ध्येय ठरवायला लावलं, काहींना शेजारी बसून त्यांच्याच खर्चाबद्दल सल्ला दिला, तेव्हा फरक दिसला. म्हणजे भाषण ऐकून घरी यायचं आणि 'चालशे' म्हणून चादर ओढून झोपायचं, तर खरंच 0.1 टक्का. कुणी समोर बसून तुमच्या वहीत आकडे मांडले तर गोष्ट वेगळी.

आता अमेरिकेचं खूळ. काका, अमेरिकन लोक तरी कुठे प्लॅनिंग करतात! लुसार्डी आणि मिचेल यांनी 2004 मध्ये तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना तीन सोपे प्रश्न विचारले, एक व्याजाचा, एक महागाईचा, एक सगळे पैसे एकाच कंपनीच्या शेअरमध्ये टाकावेत का असा, तर तिन्ही बरोबर देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले, आणि रिटायरमेंटला किती लागेल याचा हिशोब करून बघितलेले तर त्याहूनही कमी. आपण त्यांच्या वर नाही, राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राच्या 2019 च्या सर्वेक्षणात भारतातले 27 टक्के प्रौढच आर्थिक साक्षर निघाले. आणि आपल्या शहराला हे खूळ नवीन का वाटावं, सयाजीराव महाराजांनी 1908 मध्ये इथे बँक काढली ती काय लोकांनी पैसे गादीखाली ठेवावेत म्हणून?

मुलं हेच पेन्शन. हा मुद्दा नाजूक आहे, कारण यात प्रेम आहे आणि प्रेमाला आकडे दाखवले की माणसं चिडतात. तरी दाखवते. आपल्याकडे मकरपुरा, नंदेसरीच्या कंपन्यांतून रिटायर झालेले जे पीएफवाले आहेत, ज्यांनी जास्त पगारावर पेन्शन घेतलेलं नाही, त्यांचं ईपीएस, म्हणजे पीएफसोबतचं पेन्शन कसं निघतं? पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, आणि पगाराची मर्यादा 2014 पासून 15,000. पस्तीस वर्षं घासली तरी महिना साडेसात-आठ हजाराच्या वर जात नाही, आणि ते महागाईबरोबर वाढतही नाही. दोघांचा खर्च आज 30,000 असेल तर 6 टक्के महागाईने बारा वर्षांत तो 60,000 होतो. हा मधला खड्डा कोण भरणार, तर मुलगा. आता तो मुलगा पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरतोय, दोन पोरांच्या फिया भरतोय, आणि त्याची सासू-सासरेही म्हातारे होतायत. तो देईल हो, नाही म्हणणार नाही. पण तो देईल तेव्हा त्याचं स्वतःचं रिटायरमेंट उपाशी राहील आणि मग तो त्याच्या पोराकडे बघेल, आणि या साखळीला आपण संस्कार म्हणतो.

आणि सगळीच मुलं देत असती तर 2007 मध्ये संसदेला आईवडिलांच्या पोटगीचा कायदा करावा लागला नसता. त्यात महिन्याची पोटगीही जास्तीत जास्त 10,000. कलम 23 मात्र कामाचं आहे, सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट दस्तात लिहिलेली असावी हा मुद्दा 2022 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कोर्टाने अट नसलेल्या दस्ताला हे कलम लावलं नाही. पुढे 2025 च्या एका निकालात कोर्टाने थोडा उदार अर्थ लावला, तरी निकालाच्या भरवशावर बसायचं कशाला, गिफ्ट डीड करताना दोन ओळी लिहून घ्या, आणि मुलगा चांगला असेल तर त्याला त्या ओळींचं वाईट वाटायचं कारण नाही.

घराचं म्हणाल तर घर म्हणजे छप्पर, दर महिन्याला ते काही देत नाही, उलट घेतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा तळमजल्यावाल्यांचे फ्रिज, गाद्या, इनव्हर्टर सगळं फुटपाथवर आलं होतं, त्यातले कितीतरी रिटायर माणसांचे होते आणि स्वतःचं घर होतं म्हणूनच तो खर्च त्यांच्या अंगावर आला. शिवाय आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चार भावांचे हिस्से, एक भाडूत आणि एक कोर्टातली केस असतेच. घर गहाण ठेवून बँकेकडून महिन्याचे पैसे घ्यायची रिव्हर्स मॉर्गेजची सोय 2007 पासून आहे, पण सांगा, तुमच्या ओळखीत कुणी घेतलीय?

आता घरच्या बाईला ताप देऊ नका. हे वाचून माझं डोकं खरंच फिरलं. आमच्या ओळखीत एक काकू आहेत, काका गेले तेव्हा कपाटाच्या लॉकरमध्ये साडीच्या डब्यात एफडीच्या पावत्या सापडल्या, तीन बँकांच्या, सगळ्या एकट्या काकांच्या नावावर, दोन ठिकाणी नॉमिनीची जागा कोरी. नेटबँकिंगचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर जाणार, आणि तो नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. काकूंना पासवर्ड माहीत नाही, विम्याची पॉलिसी कुठे आहे माहीत नाही, आणि तेराव्याच्या आधी भाचा त्यांना घेऊन बँकेत मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, मुलांच्या सह्या करत फिरतोय. एक मुलगी कॅनडात. हा ताप काकांनी आयुष्यभर वाचवला आणि शेवटी एकदम दिला.

बायकांना पैशातलं कळत नाही हेही तपासलं गेलंय. नेदरलँड्समध्ये 'माहीत नाही' हा पर्याय प्रश्नातून काढून टाकला तर बायकांची बरोबर उत्तरं वाढली, पुरुषांशी जो फरक दिसत होता त्यातला साधारण एक तृतीयांश नुसता आत्मविश्वासाचा निघाला. अमेरिकेतल्या एका अभ्यासात विधवा होण्याची शक्यता जवळ येते तशी बायकांची आर्थिक समज वाढताना दिसली. म्हणजे डोकं असतंच, जबाबदारी अंगावर येईपर्यंत वही कुणी हातात देत नाही. ती साठीआधी द्या. बँकेतल्या पैशांना दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ते रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, मार्च 2024 अखेर असे 78,213 कोटी रुपये पडून होते. शोधायला उद्गम नावाचं पोर्टल आहे, आणि नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे लक्षात असू द्या, तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच असतो, त्यामुळे इच्छापत्र वेगळं करावं लागतं.

मेडिक्लेमवाल्यांवर माझाही राग आहे, क्लेमच्या वेळी काय काय कागद मागतात ते मी पाहिलंय. पण रागाने हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला 5 लाखांचं कव्हर मिळतं, नवरा-बायको दोघं सत्तरीवरचे असले तर ते दोघांत मिळून, कार्ड अजून काढलं नसेल तर आधी ते काढा. अडचण अठ्ठावन्न ते सत्तर या बारा वर्षांची आहे, कंपनीचा ग्रुप विमा बहुतेकदा नोकरीबरोबर संपतो आणि सरकारी कव्हर अजून लांब असतं, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्यायची, कारण साठीला शुगर-बीपीसकट घ्यायला गेलात तर हप्ताही वाढतो आणि आधीच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं ते वेगळंच.