जुन्या मत्स्यचित्रावर ओलं बोट फिरवू नका

‘हाताने रंगवलेली माशांची जुनी चित्रं अशी ओळखा’ हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. परवा तो काकूंनी पाठवला, वर विचारलं, “आपल्या चित्राच्या कोपऱ्यावर करून बघू का?” नका बघू.

पहिलीच युक्ती सर्वांत घातक आहे: ओल्या बोटाने घासा, रंग निघाला तर चित्र अस्सल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अशा चित्रांत काळ्या रेषा छापून रंग हाताने भरत, आणि ते रंग बहुतेक डिंकात कालवलेले जलरंग. डिंक पाण्यात सुटतो, म्हणजे अस्सल चित्रच या परीक्षेत खराब होणार. सुटलेला रंग कागदाच्या तंतूंत शिरला की निघत नाही. बरं, निकालही खोटा, कारण इंकजेटची साधी शाई आणि कालपरवा मारलेला जलरंगही ओल्या बोटाला लागतो.

माशांच्या चित्रांत धोका आणखी मोठा. मत्स्यअभ्यासक मार्कुस ब्लॉखचा माशांवरचा ग्रंथ बर्लिनमध्ये १७८२ ते १७९५ या काळात निघाला, त्यात ४३२ चित्रं. त्यांतल्या अनेक माशांच्या खवल्यांवर चांदीची झाक आहे. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. तो करडा थर मळ समजून पुसला, तर खवल्यांवरची चांदीच जाते.

तपासायचं तर हात न लावता. दहापट भिंग घ्या, दिवा बाजूने तिरपा धरा. हाताने भरलेला रंग छापील काळ्या रेषेच्या वर बसतो, कुठे रेषेबाहेर जातो, आणि वाळताना कडेला गडद होतो. ऑफसेटच्या, म्हणजे आधुनिक यांत्रिक छपाईच्या प्रतीत मात्र रंग ठरावीक मांडणीच्या ठिपक्यांचा दिसतो.

‘ठिपके नाहीत म्हणजे हाताने रंगवलेलं’ हे त्यामुळे अर्धंच खरं, तेवढं मान्य करावं लागेल. ठिपक्यांची जाळी दिसली तर रंगही छापलेला, हे नक्की. न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. हॉटनच्या १८७९ च्या ब्रिटिश गोड्या पाण्यातल्या माशांच्या ग्रंथातली चित्रं बेंजामिन फॉसेटने लाकडी ठशांवरून रंगात छापली. त्यांत अशी जाळी सापडत नाही.

‘भोवती पत्र्याचा दाब हवाच’ (म्हणजे छपाईच्या पत्र्याच्या कडेने कागदावर उमटलेली खोलगट खूण) हेही चूक. तो तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावरून छापलेल्या चित्राला असतो, दगडावरून छापलेल्याला नसतो. शिवाय समास कापला की दाबही जातो.

‘पिवळा कागद म्हणजे जुना’? अठराव्या शतकातला चिंध्यांचा कागद पुष्कळदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा पांढरा राहिलेला असतो. आणि चहाच्या पाण्यात कागद पिवळा करणं कुणालाही जमतं. अतिनील दिवा मिळाला तर त्याखाली धरा: कागद निळसर पांढरा झगमगला, तर त्यात शुभ्रक, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून वापरतात ते रसायन, घातलेलं आहे आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा नाही.

तपकिरी डाग घालवायला चित्र उन्हात ठेवा, असं शेवटी लिहिलंय. डाग कदाचित फिके होतील, पण किरमिजी रंग त्याआधी उडेल. डाग असू द्या, किंवा कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.