उद्या प्रभूभोजन आहे, त्याआधी

जय ख्रिस्त, मंडळी.

उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभूभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. कितीतरी दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो.

माझी आजी नगरला मिशनच्या दवाखान्यात आया होती. वाचायला शिकली ती शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, ओळीवर बोट ठेवून. रोज भाकरीला बसली की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ शेजारच्या डब्यात टाकायची. डालड्याचा जुना डबा, कडेने गंजलेला. शनिवारी संध्याकाळी तो पदराखाली धरून गल्लीच्या टोकाला एका म्हातारीकडे जायची. म्हातारी ख्रिस्ती नव्हती. आजीने तिला कधी 'चर्चला ये' म्हटलं नाही. पीठ ओतायची, थोडा वेळ बसायची, परत यायची. मी लहान होतो. एकदा विचारलं, "आजी, रोज मूठमूठ कशाला? शनिवारी एकदमच दे ना किलोभर." ती म्हणाली, "मग आठवडाभर तिची आठवण कोण काढील?"

विश्वास रोज जगायचा म्हणजे काय, हे मला त्या डब्याने शिकवलं. नंतर ऐकलेल्या पुष्कळ उपदेशांपेक्षा जास्त.

आपण नगरकडचे ख्रिस्ती लोक इतिहास अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. शिक्षिकेचे धडे घ्यायला सावित्रीबाई ज्यांच्याकडे आल्या, त्या अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार इथल्याच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक इथले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं मोकळेपणाने सांगणारा हा माणूस. पंडिता रमाबाईंचं तर काय सांगावं! 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या मुलींना दौंडजवळच्या केडगावला घेऊन आल्या. ज्या बाईने मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तिनेच उवा झालेली, खरुजेने भरलेली लेकरं जवळ केली. पवित्र शास्त्र आणि न्हाणीघर तिने वेगळं काढलं नाही.

आपण मात्र ते वेगळं काढलंय, असं मला वाटतं. रविवारी दोन तास आपण प्रेमळ असतो. सोमवारी घरकामाच्या बाईने दोन दिवस दांडी मारली की पगार कापतो. 'ख्रिस्तात सगळे एक' म्हणतो आणि सोयरीक जमवायची वेळ आली की हळूच विचारतो, "मूळचे कोण हो तुम्ही?" हा प्रश्न ज्या दिवशी आपल्या घरांतून जाईल, त्या दिवशी मी मोठी साक्ष झाली असं समजेन. आणि चर्चच्या कमिटीच्या निवडणुका! एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी दोन घरं कोर्टात समोरासमोर उभी असलेली मी पाहिली आहेत.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगतो. माझा थोरला चुलतभाऊ आणि मी चार वर्षं बोललेलो नाही. कारण शेताचा बांध. हातभर रुंदीची जागा. चार वर्षं आम्ही एकाच चर्चमध्ये येतोय, मी उजवीकडे, तो डावीकडे. त्याच ताटातली भाकर तोही घेतो, मीही घेतो. गेल्या महिन्यात द्राक्षरसाची इवलीशी पेली हातात धरली आणि समोर तो दिसला. केस पार पांढरे झालेत त्याचे. मला कळलंही नव्हतं. त्या दिवशी द्राक्षरस घशाखाली उतरेना.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलंय, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. लहानपणापासून पाठ आहे. पण नीट वाचलं तेव्हा दिसलं, चूक कोणाची याचा तिथे शब्दही नाही. भावाच्या मनात काही आहे एवढं आठवलं की पुरे, निघायचं. मी चार वर्षं हिशेब करत बसलो की आधी कोणी यायचं.

मंडळी, लांबचा उपवास, मोठं दानार्पण, कन्व्हेन्शन, हे सगळं होत राहील. आज रात्री झोपण्याआधी एक नाव आठवा. ज्याचा फोन आपण उचलत नाही, ज्याचे पैसे देणं लागतो, ज्या सुनेला आपण सगळ्यांदेखत बोललो. एकच नाव. आजीची मूठही एकच असायची.

उपासना साडेनऊला आहे. मी साडेसातलाच निघणार. दादाचं घर चर्चच्या वाटेवर नाही, अगदी उलट्या दिशेला आहे.