चित्रकलेचा तास कापू नका

चौथीपर्यंत फक्त वाचन आणि गणित पक्कं करा, भूगोल-चित्रकला नंतर बघू, असं शाळेच्या अभ्यासाबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात तिसरीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. अक्षरं जोडून वाचतात, पण शब्द डोळ्यांपुढे उभा राहत नाही. ‘नदीचे वळण’ एका मुलीने तीनदा वाचलं, कळलं नाही. मग फळ्यावर भीमा काढली, पंढरपूरपाशी चंद्रकोरीसारखी वळवली आणि सांगितलं, म्हणून इथं तिला चंद्रभागा म्हणतात. ती उठली, खडूने ते वळण गिरवलं आणि जागेवर जाऊन पुढचं वाक्य न अडखळता वाचलं. आता यात वाचन कुठलं आणि भूगोल कुठला?

चित्रकलेचं तर विचारूच नका. आपल्या सोलापुरी जेकार्ड चादरीवरचा, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून उतरवतात. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि त्या भोकांप्रमाणे मागावर धागे उचलले जातात. तसाच कागद मी मुलांना देते. घरं मोजत मोर काढणारं पोर नकाशाच्या चौकटीत उजनी धरण, नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य पटकन शोधतं. अनेकांचे आजोबा मागावर होते, त्यामुळे घरी जाऊन विचारून येतात ते वेगळंच.

वाचनाचा तास खुशाल वाढवा, पण त्यासाठी शुक्रवारचा चित्रकलेचा तास घेऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.