'हप्ते थांबवा, बँक स्वतः मागे येईल' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'सहा महिन्यांत कर्जमुक्ती : बँका तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. गेल्या आठवड्यात तो माझ्या मावसबहिणीने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, पाच तारखेपासून असंच करायचं म्हणतोय आम्ही. चालेल ना?" तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहितोय, कारण तिच्यासारखी पाच तारखेची वाट बघणारी घरं आणखीही असतील.

मेसेजचा सारांश असा. सगळे हप्ते एकदम थांबवा, कर्ज थकणं हा गुन्हा नाही, तीन महिन्यांनी बँक स्वतः फोन करून चाळीस टक्क्यांत मिटवते. क्रेडिट कार्डाचा फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम भरा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यावर व्याज लागत नाही. ३० टक्क्यांवरचं व्याज कोर्टाने बेकायदा ठरवलंय. आरोग्यविमा बंद करून तो पैसा कर्जात घाला. किराणा निम्म्यावर आणा. घरातलं सोनं मोडू नका, गहाणही ठेवू नका. लहान कर्ज आधी फेडा. वसुलीवाल्यांना घरी यायला बंदी आहे, आले तर पोलिसांत द्या. आणि तळाशी 'मोफत सल्ल्यासाठी' एक मोबाईल नंबर. बहिणीने त्यावर फोन केला होता. सल्ला मोफत, पण 'फाइल उघडायला' पैसे, आणि थांबवलेले हप्ते दर महिन्याला त्यांच्या खात्यात 'जमा ठेवायचे'. म्हणजे बँकेला द्यायचे नाहीत, यांना द्यायचे.

हप्ते थांबवण्याचा सल्ला

सगळ्यात घातक हाच, म्हणून आधी हाच घेतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, आणि बँका तडजोड करतात हेही खरं. पण तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीबद्दल जी चौकट घालून दिली, तिच्यात प्रत्येक बँकेने संचालक मंडळाने मंजूर केलेलं स्वतःचं धोरण ठेवायचं आहे. कोणाशी, किती रकमेत आणि कधी मिटवायचं हे त्या धोरणावर ठरतं. चाळीस टक्के हा आकडा कुठल्याही नियमात नाही. शिवाय त्याच चौकटीनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जात, तडजोड केलेल्या माणसाला त्या बँकेने किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ते खातं 'क्लोज्ड' दिसत नाही, 'सेटल्ड' दिसतं. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की समोरचा अधिकारी पहिल्यांदा हाच शब्द बघतो.

आणि ते तीन महिने कसे जातात? हप्ता खात्यातून वटला नाही की तुमची बँक दंड घेते, कर्ज देणारी संस्था वेगळा दंड घेते. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या नोंदीत थकलेलं कर्ज. हप्त्यासाठी दिलेला ऑटो-डेबिट आदेश पैसे नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते. चेक न वटल्यास जसं कलम १३८, तसं याला हे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. 'गुन्हा नाही' म्हणणाऱ्या मेसेजला हे माहीत नसेल, किंवा माहीत असून सांगायचं नसेल.

पण मला खरा राग येतो तो जामीनदारांबद्दल. बहिणीच्या कर्जांपैकी एक गावातल्या पतसंस्थेचं आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या मध्यमवर्गाला हे वेगळं सांगायला नको. पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार आलेच. तिच्या कर्जाला एक तिचा चुलतदीर आणि दुसरा नवऱ्याचा ऑफिसातला सहकारी. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला पिळून झालं की मगच जामीनदाराकडे जायचं, असा नियम नाही. पतसंस्थेला दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या मारायचीही गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी जप्तीची कारवाई सुरू करतो. म्हणजे हा सल्ला ऐकून बहिणीने हप्ता थांबवला असता, तर नोटीस त्या चुलतदिराच्या घरी गेली असती. त्याने नात्याखातर सही केली, बाकी काही नाही. हा माणूस मेसेजमध्ये कुठेच नाही. तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मिनिमम ड्यू आणि 'रिझर्व्ह बँकेचा नियम'

इथे तर नियम उलटा करून सांगितलाय. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले. त्यांत कार्ड कंपन्यांना बजावलंय की दर महिन्याच्या बिलावर ग्राहकाला ठळक इशारा द्या : फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि बाकीवर चक्रवाढीने व्याज चढेल. मागची बाकी राहिली तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही बिलात स्पष्ट सांगायला लावलंय. विश्वास बसत नसेल तर तुमचं स्वतःचं बिल काढून बघा, इशारा छापलेला सापडेल. दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

म्हणजे मिनिमम ड्यू भरणाऱ्याने त्याच कार्डावर आज दूध-भाजी घेतली, तर त्यावरही त्याच दिवसापासून व्याज. सिबिलमध्ये खातं थकीत दिसत नाही, एवढंच या सल्ल्यातलं अर्धसत्य.

बहिणीच्या कार्डावर ६०,००० बाकी आहेत. महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज २,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. झाले २,४७८. मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे ३,०००. तीन हजार भरून मुद्दल कमी होते फक्त ५२२ रुपयांनी. कार्डावर एक रुपयाही नवा खर्च न करता हेच वर्षभर चालू ठेवलं, तर सुमारे ३४,००० भरून होतात आणि बाकी राहते सुमारे ५४,०००. निम्मी रक्कम फिटायला साडेसहा वर्षं लागतात. त्याऐवजी दरमहा ठाम ५,००० भरले तर सगळं १७ महिन्यांत संपतं.

कोर्टाचा मुद्दा जुन्या बातमीवर उभा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरचं ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेशच रद्द केला. आज अशी मर्यादा नाही. 'व्याज बेकायदा आहे' म्हणून भांडायला जाल, तेवढ्या दिवसांत व्याज वाढत राहील.

किराणा निम्म्यावर

हा सल्ला देणाऱ्याने कोणाच्या घरचा महिन्याचा हिशेब कधी बघितलेला नाही.

बहिणीच्या घरात पगार येतो ४१,०००. पतसंस्था ६,२००, पर्सनल लोन ६,०००, दुचाकी ३,४००, मोबाईल १,९००, कार्ड ३,०००, घरभाडं ७,५००. इथेच २८,००० गेले. उरलेल्या तेरा हजारांत किराणा-भाजी ५,५००, दूध १,९००, वीज ११००, सिलिंडर ९००, मुलीची शाळेची रिक्षा १,५००, पेट्रोल १,५००. हातात राहतात ६००. यात किराणा निम्मा करायचा म्हणजे काय करायचं? डाळ आणि तेल कापायचं. आणि दूध बंद म्हणजे सहावीतल्या मुलीचं दूध बंद. असं बजेट दुसऱ्याच महिन्यात मोडतं, आणि मोडल्यावर बाईलाच वाटतं की आपल्याला संसार जमत नाही. तिने मला अगदी हेच शब्द ऐकवले, म्हणून हे लिहिताना माझा आवाज चढलाय.

महिन्याचं गणित तिने उत्तम बसवलंय. गळती वर्षाच्या खर्चात आहे. जूनमधली फी आणि वह्या-पुस्तकं, गणपती, दिवाळी, दुचाकीचा विमा, आरोग्यविम्याचा हप्ता, लग्नसराईतले आहेर. आम्ही बसून बेरीज केली तर वर्षाचे ४८,००० निघाले, म्हणजे महिन्याला ४,०००. हातात राहतात ६००. दरमहा ३,४०० चा खड्डा, वर्षाला ४०,८००. कार्डावरची बाकी इथून आली, हॉटेलांतून आणि साड्यांतून नाही. 'बाहेरचं खाणं बंद करा' असं तिला सांगणाऱ्या प्रत्येकाने ही बेरीज करून बघावी.

म्हणून वहीत पहिली ओळ या वार्षिक खर्चाची हवी. वर्षाची रक्कम भागिले बारा, आणि पगाराच्या दिवशीच ती वेगळ्या खात्यात. पूर्ण जमत नसेल तर निम्मी. तिचा मोबाईलचा हप्ता दिवाळीनंतर संपतोय, ते १,९०० सरळ या खात्यात जातील असं ठरलंय.

सोनं

'लक्ष्मी घराबाहेर जाऊ देऊ नये' असं मेसेज म्हणतो. भावना मला कळते, तिच्या पाटल्या आमच्या मावशीच्या आहेत. पण वर्षाला ४२ टक्क्यांची बाकी डोक्यावर ठेवून कपाटातलं सोनं राखण्याला अर्थ नाही. समजा १० टक्के दराने बँकेचं सोनेतारण मिळालं. ६०,००० उचलून कार्ड पूर्ण भरलं आणि तेच ३,००० आता सोनेतारणात भरले, तर पाटल्या २२ महिन्यांत सोडवून घरी येतात. अटी दोन. हप्त्याने फेडायचं कर्ज घ्यायचं, वर्षाअखेर एकरकमी द्यायचं आणि पुन्हा नूतनीकरण करायचं असं नको. आणि कार्ड त्याच आठवड्यात बंद करायचं. कार्ड चालू ठेवलं तर वर्षभराने कार्डही भरलेलं असेल आणि पाटल्याही लिलावाच्या यादीत असतील. दुसरी अट पाळायची खात्री नसेल त्याने हा मार्ग धरू नये.

आरोग्यविमा

बंद करू नका. मेव्हण्याला मधुमेह आहे. पॉलिसी तुटली आणि नंतर नवी घेतली, तर आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून लागू शकतो, आणि आजच्या नियमांतही तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. एका ॲडमिटनंतर घेतलेलं कर्ज सगळं गणित पुसून टाकतं. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा हप्ता हलकाही झालाय.

लहान कर्ज आधी

हे मनाविरुद्ध मान्य करतो. हिशेबाने बघितलं तर सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायला हवं, म्हणजे कार्ड. पण एखादं लहान कर्ज तीन-चार हप्त्यांत संपणार असेल आणि ते संपल्यावर हजार-दोन हजार मोकळे होणार असतील, तर घराला हुरूप येतो हे खरं. पंधरा हजारांच्या आत बाकी असेल तर संपवून टाका. त्यावरच्या कर्जांना व्याजदराचाच क्रम.

वसुलीवाले

घरी यायला बंदी नाही. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन बंद केले, धमकी आणि बदनामीलाही मनाई केली. ही संरक्षणं खरी आहेत आणि ती वापरायलाच हवीत. पण ती बँका आणि फायनान्स कंपन्यांना लागू आहेत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिची तक्रार सहायक निबंधकाकडे करावी लागते. मेसेजने दोन्ही एकाच टोपलीत टाकले आहेत.

हप्ता जमणार नाही असं दिसत असेल तर तो चुकायच्या आधी बँकेत अर्ज द्या, चुकल्यानंतर नाही. आम्ही पर्सनल लोनसाठी दिलेल्या अर्जात चारच गोष्टी लिहिल्या : पगार किती, सगळे हप्ते मिळून किती, दरमहा किती भरू शकतो, आणि त्यानुसार मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा ही विनंती. सोबत पगारपत्रक आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, हे तिला आधीच सांगितलं. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. तक्रार केल्यावर तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते, मेसेजच्या तळाशी छापलेल्या नंबरावर नाही.