दहावीच्या ग्रुपवरची मराठी

पहिलीपासून हिंदी हवी की नको, या वादात २०२५चा उन्हाळा गेला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय सरकारला २९ जूनला रद्द करावे लागले, आणि ते बरंच झालं. पण जर्मनीत बसून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते. मराठी वाचवा म्हणून कळकळीने लिहिलेले कितीतरी मेसेज रोमन लिपीत होते. कुठली भाषा कितवीपासून यावर आपण रान उठवतो; जुन्या मित्राशी रोज कसं बोलायचं, हे मात्र फोनच्या कीबोर्डवर सोडून देतो.

रोमनची सवय नुसत्या आळसातून आलेली नाही. एका एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरं मावत, देवनागरीची ७०, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात. परदेशी मेसेजचा दर जास्त, शिवाय समोरच्याच्या हँडसेटवर मराठीऐवजी चौकोन उमटायचे. चौकोन गेले, दर गेले, बोटांचं वळण राहिलं.

ते मोडणं फार अवघड नाही. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषांत जाऊन मराठी कीबोर्ड जोडायचा आणि रोमनमधून मराठी उमटवणारा पर्याय निवडायचा. मग स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. अडतं ते ‘ऱ्या’पाशी. ‘दऱ्या’ लिहायला जावं तर बरेचदा ‘दर्या’ उमटतं आणि सह्याद्रीत समुद्र येतो. तेव्हा वरच्या पट्टीतले पर्याय पाहून शब्द उचलावा. संगणकावर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. ळ शिफ्ट आणि एनवर आहे.

तरी मैत्रीच्या हिशेबात लिपीचा नंबर दुसरा. पहिला आवाजाचा. लिहायला घेतलं की अमरावतीचा आणि कुडाळचा मित्र सारखेच होतात: दोघंही प्रमाण मराठी लिहितात, नाहीतर कामचलाऊ इंग्रजी. तोच अमरावतीकर व्हॉइस मेसेजमध्ये ‘काय करून रायला बे?’ म्हणतो, आणि कुडाळकर ‘खंय असस रे?’ विचारतो. बोली लिहायला लोक बिचकतात, बोलायला नाही. परदेशात ती एरवी कानावर पडत नाही. मंडळाच्या गणपतीत जो तो प्रमाण मराठीवर येतो.

त्यात घड्याळ आडवं येतं. भारत जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. हिवाळ्यात इथे सहाला ऑफिस सुटतं तेव्हा पुण्यात साडेदहा वाजलेले असतात. कॉल शनिवारवर ढकलला जातो आणि राहूनच जातो. दहावीच्या बॅचचा ग्रुप रंगात येतो तेव्हा इथे मीटिंग चालू असते. फोन उघडेपर्यंत विषय तीनदा बदललेला. तेव्हा मूळ मेसेज उजवीकडे सरकवून त्याखालीच उत्तर द्यावं, नाहीतर कुणाच्या बाबांच्या ऑपरेशनच्या बातमीखाली आपला हसरा इमोजी जाऊन बसतो.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, याच ग्रुपवर सुरेख देवनागरीतली चित्रं येऊन आदळतात. व्हॉट्सॲपने २०१८पासून भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, पण उत्साह तेवढ्याने आटत नाही. उत्तरादाखल जोडलेले हात. अख्ख्या दिवसात कुणी स्वतःचं एक वाक्य लिहिलं तर शपथ!

व्हॉइस मेसेज मात्र एकट्याला पाठवावा, ग्रुपवर नव्हे. एक-दीड मिनिट पुरे. लांबला की लोक दुप्पट वेगाने ऐकतात आणि सांगणाऱ्याचा सूर हरवतो. माईकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. शेवटी एक नेमका प्रश्न हवा. ‘बाकी काय?’ला ‘काही नाही’ एवढंच येतं; ‘काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का?’ला उत्तर येतं, बहुधा आवाजातच. पत्ता, विमानाची वेळ, औषधाचं नाव मात्र टाइप करावं, कारण जुन्या व्हॉइस मेसेजमध्ये शब्द टाकून शोधता येत नाही. तेही देवनागरीत. रोमनमध्ये ‘औषध’ तिघं तीन स्पेलिंगांनी लिहितात, आणि सहा महिन्यांनी शोधायला गेलं की एकही हाती लागत नाही.